अक्कांनी हिला ठेवून घेतलं नव्हतं

कुसुमअक्कांच्या दारात माणूस आलं की त्या आधी नाव विचारत नसत, आजारही विचारत नसत. रिक्षातून उतरवलेल्या म्हाताऱ्या माणसाला ओट्यावरच्या खुर्चीत बसवायच्या, पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आणि विचारायच्या, "परत कवा जायाचं?"

माणूस नुकतं आलेलं असायचं. बरोबरचा मुलगा गडबडायचा. "बघू की अक्का, जरा बरं वाटलं की..."

"बघू न्हाई. दिवस सांगायचा. आन् मला न्हाई, हिकडं, आईच्या तोंडाकडं बघून सांगायचा."

दिवस ठरला की पुढचा प्रश्न, न्यायला कोण येणार. जो येणार असेल त्याला त्या मुराळी म्हणत. सासरी नांदणाऱ्या लेकीला माहेरी न्यायला भाऊ येतो, तो मुराळी. अक्कांकडे गंमत उलटी होती. इथला मुराळी पाहुण्याला स्वतःच्या घरी परत न्यायला यायचा. नुसती गाडी पाठवून दिलेली त्यांना चालत नसे. "डायवर काय, सिमेंटची पोतीबी नेतो," त्या म्हणायच्या. "मानसाला न्यायला मानूस पायजे."

दौंडात रेल्वे लाईनीच्या पलीकडे त्यांचं घर होतं. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभा जन्म काढला, निवृत्त झाल्यावर स्वतःच्याच घरातल्या खोल्या रिकाम्या केल्या आणि तिथे म्हाताऱ्या माणसांना थोड्या दिवसांसाठी ठेवून घ्यायला लागल्या. कुणाचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, कुणाला अर्धांगातून उठून पुन्हा चालायला शिकायचं असायचं. कुणाला काहीच झालेलं नसायचं, पण घरचं माणूस सेवा करून करून मोडायला आलेलं असायचं. मदतीला सून संगीता होती आणि व्यायाम शिकवायला एक तरुण फिजिओथेरपिस्ट यायचा. कुणी त्या घराला वृद्धाश्रम म्हटलं की अक्का खवळायच्या. "आश्रमात मानूस ऱ्हातं. हितं मानूस थांबतं. इष्टॉपवर थांबावं तसं. लक्षात ऱ्हाईल का?"

पेशंट हा शब्दही त्यांनी घराबाहेर ठेवला होता. सगळे पाहुणे. पाहुण्यांना मात्र कामं लावायच्या. मेथी निवडायला, शेंगा सोलायला बसवायच्या, बोटं हलली पाहिजेत म्हणून. शिरूरचे एक निवृत्त गुरुजी होते. पाय बरा झाला होता, पण वॉकर हातात घ्यायला तयार नसत. "मी पडेन" हे एकच पालुपद. अक्कांनी वाद घातला नाही. गुरुजींचा पेपर रोज ओट्याच्या पार दुसऱ्या टोकाला, कठड्यावर ठेवायला सुरुवात केली. गुरुजी खाटेवरून ओरडायचे, "अहो अक्का, पेपर!"

"आलाय की. त्यो बघा, वाट बघतोय तुमची."

दोन दिवस गुरुजींनी जगाच्या बातम्यांवाचून काढले. तिसऱ्या दिवशी शिव्या देत, वॉकर आपटत कठड्यापर्यंत गेले आणि पेपर उभ्यानेच वाचून काढला. अक्का आतून संगीताला म्हणाल्या, "मास्तरला पायापरीस डोक्याचा व्यायाम जास्त लागतो."

त्या काही देवमाणूस नव्हत्या. आवाज मोठा, बोलणं तिखट, दुपारच्या मालिकेच्या वेळी कुणी हाक मारलेली खपायची नाही. स्वतःला साखरेचा आजार आणि जिलबी दिसली की हात पुढे. संगीता रागावली की म्हणायच्या, "मी नर्स हाय. कुठली जिलबी चालती, कुठली न्हाई, ते मला ठावं हाय." चालत नसलेली जिलबी मी तरी त्यांच्याकडे कधी पाहिली नाही.

आमचा संबंध आला तो माझ्या पत्नीमुळे, यमुनेमुळे. मी रेल्वेत मालगाडीवर गार्ड होतो. नोकरी दौंडला झाली आणि निवृत्तीनंतर आम्ही दोघं वरवंडला, आमच्या गावी येऊन राहिलो. मुलगा-सून पुण्यात, दोघांनाही नोकरी. यमुना मोरीत घसरून पडली आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, घरी आणलं. ती अंगानं भरलेली, मी काटकुळा, वय सत्तरीच्या पुढं. तिला उठवायचं, बसवायचं, मोरीपर्यंत न्यायचं, कूस बदलायची. माझी पाठ गेली. झोप तर आधीच गेली होती. चिडचिड व्हायला लागली. एकदा तिनं पाणी मागितलं आणि मी तांब्या तिच्यासमोर आपटला. पाणी तिच्या पातळावर सांडलं.  ती पदरानं पुसत राहिली. त्याच आठवड्यात मी तिला अक्कांकडे घेऊन गेलो.

ओट्यावर अक्कांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी यमुनेच्या तोंडाकडे बघून दिवस सांगितला. तिचा भाऊ हयात नव्हता, म्हणून अक्का हसून म्हणाल्या, "मंग मामा, तुम्हीच मुराळी. नवऱ्याला मुराळी झालेलं मी बी पयल्यांदाच बघती." यमुना लाजून हसली. पडल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

पुढचे दिवस मी कसे घालवले ते लिहायला हवं, कारण ते मी कुणाला सांगितलेलं नाही. पहिले काही दिवस मी नुसता झोपलो. मग दाढी करून रस्त्यावरच्या हॉटेलात मिसळ खायला जाऊ लागलो. जुन्या मित्रांबरोबर बसलो. भावाच्या शेवंतीच्या मळ्यात हिंडून आलो. पाठ सुधारली. घरात औषधांचा वास राहिला नाही. मधून फोन व्हायचा, यमुना सांगायची, आज वॉकर धरून ओट्यापर्यंत गेले, आज पायरी उतरले. मी शाबास म्हणायचो. ठरलेला दिवस जवळ आला तसा मी कॅलेंडरकडे बघायचं टाळायला लागलो.

त्या दिवशी मी निघालो. खोटं सांगत नाही, निघालो होतो. जीपनं दौंडला उतरलो. तिथून अक्कांचं घर चालत जाण्यासारखं. पण मी स्टेशनात शिरलो आणि बाकड्यावर बसून राहिलो. ज्या फलाटावर नोकरी केली तिथेच. गाड्या आल्या, गेल्या. ओळखीचा एक हमाल म्हणाला, "काय गार्डसाहेब, कुठं निघाला?" मी म्हणालो, "कुठं नाही." ते मात्र खरं होतं. दुपार कलल्यावर अक्कांना फोन केला.

"कुठवर आला मामा? हिनं सकाळधरनं नवं पातळ नेसलंय. वेणीबी घातलीय संगीतानं."

"अक्का, अजून थोडे दिवस ठेवाल का?"

"का वो? बरं न्हाई का तुम्हाला?"

"बरं आहे," मी म्हणालो. "म्हणूनच."

  अक्कांनी आवाज खाली आणून विचारलं, "तिला काय सांगू?"

"काहीही सांगा. हे सोडून."

मी परतीची जीप पकडली. अक्कांनी यमुनेला सांगितलं, "तुजा मुराळी निघाला व्हता. मीच आडवलं. पाय अजून भरवशाचा न्हाई, मी सोडायची न्हाई तुला." यमुना खूप रडली म्हणे. नंतर चिडली. माझ्यासाठी रडली, अक्कांवर चिडली.

पंधरवड्यानं मी तिला न्यायला गेलो. ती अक्कांशी एक शब्द बोलली नाही. गाडीत बसली आणि तोंड फिरवून घेतलं. अक्का मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दमनं काय गुन्हा न्हाई मामा. मानूस दमतंयच, त्यासाठीच तर ह्ये घर हाय. पन यायचं, तिच्यासमोर बसायचं आन् म्हनायचं, मी दमलोय. तिनं आयकलं आसतं." मी मान हलवली. गाडीत सांगायचं ठरवलं. गाडी वरवंडला पोचली तरी सांगितलं नाही.

मग ती गोष्ट माझ्या हातात राहिली नाही. यमुनेनं माझ्या भाच्याला सांगितलं. भाचा कारेगावला, कंपनीत कामाला. त्यानं आणखी चौघांना सांगितलं. दौंडची ती बाई म्हाताऱ्यांना अडकवून ठेवते, असं आमच्या भागात झालं. आमच्या गल्लीतली एक सून सासऱ्याची सेवा करून पार खंगली होती. तिला मी अक्कांचं नाव सुचवायला हवं होतं. तिनंच विचारलं, "मामा, कसं हाय वो तिथं?" मी म्हणालो, "चांगलं आहे, पण बाई कडक आहे." तिनं सासऱ्याला पाठवलं नाही. माझ्या त्या 'पण'नं तिची विश्रांती गेली.

एकदा अक्का स्वतः वरवंडला आल्या, यमुनेचा पाय बघायला. त्या दारात दिसल्या तशी यमुना पलंगावरून ताडकन उठली आणि आतल्या खोलीत चालती झाली. पाणी नाही, चहा नाही. शेजारच्या वहिनी ओट्यावर होत्या. अक्का बौद्ध, आम्ही माळी. वहिनींनी काय समजायचं ते समजून घेतलं आणि गल्लीत पसरवलंही. आमच्या घरात तसलं कधी नव्हतं, पण ते बोलायला मला तोंड उघडावं लागलं असतं आणि मग पुढचंही सांगावं लागलं असतं. मी तेही राहू दिलं.

अक्कांचं लक्ष मात्र भलतीकडेच होतं. माझं मनगट धरून त्या कुजबुजल्या, "बघितलं का? वॉकर हितंच ऱ्हायला की वो! तशीच चालत गेली!" डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. "राग लई भारी औषध हाय मामा. ऱ्हाऊ द्या तिचा माज्यावर." आणि चहाची वाट न बघता निघाल्या. मी फाटकापर्यंत गेलो. "अक्का, मी सांगतो तिला." त्या म्हणाल्या, "सांगा. पन माज्यासाठी नगा सांगू. मला रागाची सवं हाय."

गेल्या हिवाळ्यात अक्का गेल्या. सकाळी पाहुण्यांना चहा दिला आणि ओट्यावर बसल्या बसल्या गेल्या. शोकसभेला मी दौंडला गेलो, यमुना आली नाही. बुद्धवंदना झाली, लोक बोलायला उठले. शिरूरचे गुरुजी काठी टेकत आले होते. त्यांनी पेपरची गोष्ट सांगितली, सगळे हसले, रडले. मग कुणीतरी मला पुढं केलं. मी माईक धरला आणि म्हणालो, "कडक होत्या, पण माया मोठी. आमच्या हिला तर सोडायलाच तयार नव्हत्या. मी न्यायला निघालेला, यांनी अडवलं." सभा हसली. लोकांनी मान डोलावल्या. अक्का तशाच होत्या, असं त्यांना वाटलं.

संगीता पहिल्या रांगेत बसली होती. माझा तो फोन आला तेव्हा यमुना बाहेर ओट्यावर होती आणि संगीता आत अक्कांच्या शेजारी, तिनं सगळं ऐकलं होतं. ती हसली नाही आणि रागानंही पाहिलं नाही. सभा संपल्यावर तिनं माझ्या हातात खिरीची वाटी दिली आणि म्हणाली, "जीप मिळंल न्हवं मामा? उशीर करू नका." मी वाटी तशीच ओट्यावर ठेवून निघालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी यमुना मेथी निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. स्टेशनचं बाकडं, फोन, सगळं. तिचे हात थांबले.

"म्हंजी तिनं न्हाई. तुम्ही."

"हो."

"मी पातळ नेसून बसले व्हते." तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. "आन् ती माझ्या दारात आली तवा मी तिला पाणीबी इचारलं न्हाई. तुमच्यापायी."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "माझी कशाला मागता? ती गेली की."

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "संगीताला फोन लावा. मला तिथं ऱ्हायचंय. पाय दुखतोय म्हना, न्हाईतर काय बी म्हना. तुम्हाला येतंय सांगायला." मी कधी न्यायला येऊ, असं विचारलं. "मी सांगंन तवा," ती म्हणाली.

आता ती तिथे आहे. संगीता सांगते, पाय उत्तम आहे, व्यायामाला सगळ्यांच्या पुढं असते. नवीन आलेल्या बायांजवळ बसते आणि अक्का कशा होत्या ते सांगते. अक्कांनी आपल्याला कुणासाठी आणि कसं खोटं सांगितलं तेही, माझं नाव घेऊन. वरवंडमध्ये शेजारच्या वहिनींना आणि कारेगावच्या भाच्याला मी स्वतः जाऊन खरं काय ते सांगितलं. भाचा म्हणाला, "जाऊ द्या मामा, आता कोन इचारतंय?" म्हणून हे लिहायला बसलो.

काल यमुनेला फोन करून तसं सांगितलं. म्हणालो, अक्कांवर लिहितोय, पण नीट जमत नाही, संपत नाही.

"मंग लिव्हा की," ती म्हणाली. "तुम्ही तिकडं लिव्हा, मी हितं सांगती. बघू कुणाचं आधी संपतंय."