दौंडातला समुद्र

उभ्या दौंड तालुक्यात आमच्या साडूंइतका अस्वस्थ माणूस दुसरा झाला नाही, आणि झालाच असेल तर तो एका जागी सापडला नसल्यामुळे कुणाच्या लक्षात राहिला नसेल. माझ्या धाकट्या मेहुणीचे हे यजमान. पेरलेली मेथी उगवली का, हे ते दुसऱ्याच दिवशी उकरून बघत, आणि पाहुण्याचा चहा अर्धा झाला की कपबशी उचलून विसळायला नेत. एकदा आम्ही सगळे पुण्याहून नगरला लग्नाला निघालो होतो. दौंडला गाडीचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावतात. "इंजिन जोडतात ते बघून येतो," म्हणून साडू उतरले, तिथल्या माणसांना सूचना देत उभे राहिले, आणि त्यांच्याच देखरेखीखाली गाडी त्यांना सोडून निघून गेली. मेहुणी मात्र खिडकीशी निवांत शेंगा सोलत होती. "येतील की, कुठं जात्यात," म्हणाली. नगरला उतरलो तर हे घामाघूम होऊन फलाटावर आमच्या आधी हजर! एका ट्रकनं आले होते आणि वाटेत त्या ट्रकचा भोंगाही दुरुस्त केला होता.

कुरकुंभच्या एका कारखान्यात ते मेंटेनन्सला होते. बंद पडलेलं यंत्र ते हमखास चालू करीत, पण चालू यंत्रही त्यांना बघवत नसे. त्यांचे वडील, आप्पा, रेल्वेतले निवृत्त गार्ड. ते नोकरीभर गाडीच्या शेवटच्या डब्यात, आणि चिरंजीव घरी असले तर छपरावर अँटेना फिरवत. त्यामुळे बापलेक एका खोलीत बसून काही बोलल्याचं कुणाच्याच आठवणीत नव्हतं. पुढे आप्पा न्हाणीत घसरले, खुब्याचं हाड मोडलं आणि बाहेरच्या खोलीत खाटेला खिळले. जन्मभर फिरलेला माणूस तो. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, बोलणं टाकलं, मग जेवणही टाकायला लागले. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण मन कशात तरी रमलं पाहिजे. साडूंना हे फार लागलं होतं. दिवसातून दहादा ते खाटेपाशी जायचे, पण बसून काय बोलायचं ते सुचत नसे, म्हणून खाटेचे नट आवळून परत यायचे. ते नट त्यांनी इतके आवळले की मला आप्पांपेक्षा खाटेची काळजी वाटायला लागली.

अशात कारखान्याच्या कामासाठी ते मुंबईला गेले, तिथल्या एका दुकानात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी बघितली, आणि आल्या पावली शिरूरला माझ्याकडे फोन. "साडूभाऊ, त्या टाकीपुढं माणसं नुसती उभी राहून बघत होती! कुणी हालंना. मी सोता उभा होतो!" हे शेवटचं वाक्य त्यांनी असं उच्चारलं की जणू त्यांना साक्षात्कार झाला होता. आठवडाभरात आप्पांच्या पायथ्याशी टाकी बसली. समुद्री मिठाची पाकिटं, पंप, दिवे आले, शिवाय पाणी साफ ठेवणारे जंतू अंगात असलेले समुद्रातले दगड, दुकानदार ज्यांना 'जिवंत दगड' म्हणे, तेही ओल्या गोणपाटात बांधून मुंबईहून आले. ते सोडताना भिंतीकडून आवाज आला, "दौंडात दगडांचा दुष्काळ पडलाय व्हय रं?" कित्येक दिवसांनी आप्पा बोलले होते, म्हणून त्या शेऱ्याचं घरात कौतुकच झालं.

दुकानदारानं बजावलं होतं की नव्या टाकीचं पाणी लोणच्यासारखं मुरावं लागतं, तोवर काहीही करायचं नाही. आता 'काहीही करायचं नाही' हे साडूंना सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण करायला बसवणं. त्यांनी लगोलग एक निळा मासा, गोगलगायी आणि शंखात राहणारे खेकडे आणून सोडले. मासा टिकला, बाकीचे दोन-चार दिवसांत गेले. मग मेहुणीनं मुंबईला जायची त्यांची पिशवीच कपाटात कुलपात ठेवली, तेव्हा कुठे पाणी मुरलं, आणि दुसऱ्या खेपेला लांब पांढऱ्या मिशांच्या दोन लाल कोळंब्या आल्या. या कोळंब्या माशाच्या अंगावरची घाण खातात. निळा मासा त्यांच्यापुढे मान वर करून थांबला आणि एक कोळंबी त्याच्या गालावरून बारीक नांग्या फिरवू लागली, तेव्हा आप्पांनी कूस बदलली.

"न्हावी हाय का काय ही?" ते म्हणाले. त्या दिवशी भाकरी त्यांनी टाकीकडे बघत खाल्ली, आणि सगळी खाल्ली.

पण आठवडा सरायच्या आत दोन्ही कोळंब्या उताण्या पडून मेल्या आणि आप्पांनी पुन्हा भिंत धरली. आता साडूंच्या जिवाचा जो आटापिटा सुरू झाला, तो मी बघितलाय. नव्या कोळंब्या आणल्या की आप्पा तेवढ्यापुरते टाकीकडे वळत, त्या गेल्या की पुन्हा भिंत. दिवा बदलला, पंप बदलला, टाकी भिंतीपासून वीतभर पुढे घेतली. लोडशेडिंगच्या काळात पंप बंद पडे, तेव्हा पाण्यात हवा मिसळावी म्हणून हे टाकीतलंच पाणी मगानं उंचावरून परत टाकीत ओतत बसायचे आणि हात दुखले की आल्यागेल्याला कामाला लावायचे. मी एकदा गेलो तर पोस्टमन टाकीत पाण्याची धार धरून उभा होता आणि साडू त्याची पत्रं वाटायला गेले होते! हे सगळं करून मासा ठणठणीत, आणि ज्यांना कणा नाही ते सगळे जीव पटापट मरत होते. कसलं पाप लागलंय, म्हणून साडू एकदा माझ्यापुढे रडकुंडीला आले. आप्पांचं जेवण निम्म्यावर आलं होतं.

पुन्हा दोन कोळंब्या आल्या त्या रविवारी मी तिथेच होतो. टाकीतलं पाणी उन्हाळ्यानं रोज थोडं आटे. तेवढं गोडं पाणी साडू सकाळी घालत, तेही घरातलं सर्वांत शुद्ध, देवघराशेजारच्या तांब्याच्या हंड्यातलं. मेहुणी तो हंडा चिंच लावून असा घासे की त्यात भांग पाडावा. साडूंनी पाणी ओतलं आणि ते पुढच्या कामाला पळणार एवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"तू त्या हंड्यातलं पाणी वततो, आन् थोड्या येळानं ह्या बया कलंडत्यात. मी रोज बघतोय."

साडू जागीच थबकले. "आप्पा, रोज बघताय तर सांगितलं का न्हाई?"

"तू थांबतो कुठं सांगाया?"

साडूंनी मुंबईला फोन लावला. हंड्याचं ऐकून दुकानदार म्हणाला, "अहो, तांबं माशाला एकवेळ चालतं, या जिवांना ते विष आहे." मेहुणीनं कपाळाला हात लावला. पूजेचं पाणी बाधतं हे तिला आजही पटलेलं नाही. त्या दोन्ही कोळंब्या संध्याकाळपर्यंत गेल्या. टाकी रिकामी केली, निळा मासा दुकानदाराला परत दिला, तांबं प्यालेले ते जिवंत दगड तुळशीपाशी गेले, नवे आले, आणि पाणी पुन्हा मुरत ठेवलं.

या वेळी पिशवी कुलपात ठेवावी लागली नाही. आप्पांनी मुलाला खाटेशेजारच्या स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, "सिग्नल लाल हाय. गाडी हलवायची न्हाई." साडू दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे, नाहीतर ते आपोआप पंपाकडे जात. रिकाम्या पाण्याकडे बघून तरी किती वेळ गप्प बसणार? आप्पा बोलायला लागले. कुर्डुवाडीच्या पुढे रेल्वेच्या रुळावर बसलेली म्हैस, शेवटच्या डब्यात एकट्यानं खाल्लेलं दिवाळीचं जेवण, मुलगा झाल्याचा निरोप मिळाला ते स्टेशन. हे शेवटचं साडूंनी पहिल्यांदाच ऐकलं. जन्मभर त्यांना वाटे की बापाला तो दिवस ठाऊकही नसावा.

मग एकच कोळंबी आणली. ती जगली, महिना झाला तरी जगली. आणि मी मुक्कामाला असताना एके सकाळी टाकीच्या तळाशी ती मिशांसकट निपचित पडलेली दिसली. साडू ताडकन उठले. "संपलं!" म्हणाले आणि जाळी घ्यायला धावले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"बस," आप्पा म्हणाले.

"आप्पा, मेली ती!"

"बस म्हणतोय ना. मला ती मेल्यागत न्हाई, रिकामी दिसतीया."

साडू बसले, हात मांडीखाली घेऊन. आम्ही तिघंही बघत राहिलो. बऱ्याच वेळानं दगडामागून एक पांढरी मिशी हलली, मग दुसरी, आणि नवी कोरी, जास्तच लाल कोळंबी बाहेर आली. तळाशी पडली होती ती तिची जुनी कात. साडू लहान पोरासारखे रडले, आणि आप्पांनी खाटेवरूनच हात लांब करून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

पुढच्या उन्हाळ्यात आप्पा गेले, दुपारी, टाकीकडे तोंड करून. त्यानंतर काही महिन्यांनी कोळंबीही गेली आणि टाकी साडूंनी कारखान्यातल्या एका मित्राला दिली. सध्या ते सोलरच्या बंबामागे लागले आहेत. अजूनही माझा चहा अर्धा असतानाच कप उचलतात. फक्त दुपारी जेवण झालं की बाहेरच्या खोलीतल्या त्या स्टुलावर येऊन बसतात, समोर नुसती भिंत. मागच्या वेळी एसटी चुकेल म्हणून मी पिशवी घेऊन उठलो आणि म्हणालो, "साडूभाऊ, निघायचं ना? स्टँडवर सोडताय ना मला?"

त्यांचे दोन्ही हात मांडीखाली होते.

"जरा थांबा," ते म्हणाले. "अजून लाल हाय."