क्लचबाई आणि ऐकणारी गाडी

क्लचबाईंनी नवऱ्याला दुसऱ्या बाईशी बोलताना पकडलं, तेही चालत्या गाडीत, आणि भर चौकात उतरवून दिलं, ही बातमी इस्त्रीवाल्याने दुपारी सोडली आणि संध्याकाळपर्यंत ती चांगली कडक इस्त्री होऊन आळीभर फिरली. कुणी म्हणे ती बाई तरुण होती, कुणी म्हणे तिचा आवाज मधासारखा होता. क्लचबाईंचे यजमान, म्हणजे आमचे चष्मेवाले, घामाघूम होऊन पायी घरी येताना सगळ्यांनी पाहिले होतेच. उभ्या जन्मात ज्याने चष्म्याचा नंबर सोडून कुणाला काही विचारलं नाही, अशा सालस माणसाच्या नावावर एवढी मोठी भानगड जमा झालेली पाहून आळीतल्या एकदोघांना तर चक्क हेवा वाटला.

तर आता खरं काय ते. दुसरी बाई होती, हे खरं. गाडी चालती होती, हेही खरं. आवाज मधासारखा होता, हे तर खुद्द क्लचबाईही नाकारत नाहीत, दात-ओठ खात का होईना, कबूल करतात. फक्त ती बाई डॅशबोर्डच्या आत राहत होती. आणि चष्मेवाल्यांना कुणी उतरवलं नव्हतं. ते आपल्या पायांनी, आणि संसारात पहिल्यांदाच दार आपटून, उतरले होते.

क्लचबाई गाडी शिकवतात. त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर असेल तर असेल. बाकी जगात त्या क्लचबाई. अर्ध्या गावाने त्यांच्या हाताखाली, खरं म्हणजे त्यांच्या तोंडाखाली, गाडी शिकली आहे. औषधाच्या दुकानातल्या वहिनी आजही मागून कुणी जोरात ओरडलं की उभ्या जागी डावा पाय दाबतात. एका निवृत्त न्यायाधीशांना बाईंनी चढावर, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना सुनावलं होतं, "साहेब, निकाल राखून ठेवू नका, पहिला टाका!"

त्यांचा पहिला धडा ठरलेला. रेडिओ बंद, तोंड बंद, काच वर. "गाडीचं ऐका. ती बोलते. कण्हायला लागली की खालचा गिअर मागते, किंचाळायला लागली की वरचा. जो गाडीचं ऐकत नाही, त्याचं गाडी ऐकत नाही." हे वाक्य त्या इतक्या ठसक्यात म्हणतात, की शिकणारा घरी जाऊन मिक्सरचंही ऐकायला लागतो.

आता एवढं ऐकण्याचं महत्त्व सांगणारी बाई घरात नवऱ्याचं ऐकत असेल, असं कुणाला वाटलं तर तो बिचारा अविवाहित. चष्मेवाले स्वयंपाकघराच्या दारात येऊन "अगं, ऐकलंस का?" म्हणाले की आतून नळ मोठा होतो. हा प्रश्न त्या घरात रोज विचारला जातो आणि रोज वाया जातो.

गेल्या काही आठवड्यांत तो जरा जास्तच वाया जात होता. शिकवण्याच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो. एक नवशिकी बाई भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेली, आणि क्लचबाईंचा ब्रेक लागेपर्यंत हातगाडी आडवी होऊन डबे रस्ताभर झाले. भंगारवाला उडी मारून वाचला. क्लचबाईंनी सगळ्यांना सांगितलं, "पेडल अडकलं." मेकॅनिकने पेडल उघडून पाहिलं, त्यात काही बिघाड नव्हता. हे त्याने क्लचबाईंना सांगायची हिंमत केली नाही, चष्मेवाल्यांना सांगितलं. चष्मेवाल्यांना त्याआधीच ठाऊक होतं. बाई हल्ली जिना चढताना मधल्या वळणावर थांबून पर्समध्ये किल्ली शोधतात, आणि किल्ली हातातच असते, हे त्यांनी पाहिलं होतं. उजवा गुडघा.

पुढे गाडीच्या गिअरबॉक्सनेच मान टाकली, आणि नवी गाडी घेणं आलं.

चष्मेवाल्यांनी हौसेने पत्रकं आणली, वाचली, खुणा केल्या. क्लचबाई रागातच शोरूममध्ये शिरल्या आणि समोर आलेल्या टायवाल्या विक्रेत्याने "वेलकम मॅडम" म्हटल्यावर तो राग त्यांनी त्याच्याकडे सुपूर्द केला.

"एसीचं बटण कुठाय?"

"सगळं स्क्रीनवर आहे, मॅडम. टच."

"म्हणजे थंडी वाजली की रस्त्यावरची नजर काढून याच्यात घालायची? बटण हाताला न बघता सापडतं. हे काय आरशासारखं! शिकणारी इथे टिकली बघत बसेल आणि तिकडे खांब येईल."

"मॅडम, गाडी लेन सोडायला लागली तर स्टीअरिंग स्वतःच सरळ करते."

"ते काम मी करते. आणि करताना का केलं ते सांगते. ही सांगते का?"

"झोप आली तर कॉफीच्या कपाचं चित्र दाखवते."

"चित्रच ना? कप नाही ना देत?"

चष्मेवाले मधे पडले. "अगं, मागचा कॅमेरा तरी चांगला आहे की नाही? मागे मूल असलं तर दिसतं."

बाईंनी वाकून बघितलं, पुन्हा बघितलं. चांगल्याला वाईट म्हणायची त्यांची रीत नाही. "हे हवं," त्या रागानेच म्हणाल्या. "पण मान वळवायची सवय गेली तर मी एकेकीची मान धरून वळवीन." मग पुढच्या सीटवर त्यांनी पर्स ठेवली तर गाडी टुंग टुंग करायला लागली. पर्सला पट्टा लावा म्हणे! त्यावर बाई जे बोलल्या, ते ऐकून शेजारच्या टेबलावर सही करत असलेल्या गिऱ्हाइकाने पेन खाली ठेवलं.

त्या तणतणत डिकी बघायला मागे गेल्या, आणि घोटाळा झाला तो नेमका तेव्हा. टायवाला चष्मेवाल्यांना म्हणाला, "सर, ही गाडी तुमचं ऐकते. बोलून काहीही सांगा. फक्त तिला कुठल्या शब्दांनी हाक मारायची ते एकदा ठरवायचं. सहज तोंडात येईल ते बोला." असा नाजूक निर्णय बायकोला न विचारता घेणारे चष्मेवाले नव्हेत. त्यांनी मान मागे वळवली आणि नेहमीच्या सुरात हाक दिली, "अगं, ऐकलंस का?"

डिकीतून काही उत्तर आलं नाही. स्क्रीन मात्र हिरवी झाली. "हाक ठरली," गाडी म्हणाली. टायवाला हसला. "नंतर बदलू, सर."

नंतर बदलायचं राहिलं.

गाडी चालवून बघायची म्हटल्यावर क्लचबाई सवयीने शिकवणाऱ्याच्या सीटवर जाऊन बसल्या आणि टायवाल्याला म्हणाल्या, "चला, तुम्ही चालवा. मला बघू दे." बिचारा टायवाला रोज गाड्या विकतो, पण त्या दिवशी पहिल्या वळणालाच त्याला घाम फुटला. चष्मेवाले मागे. बाई बोलतच होत्या, क्लच नाही, गिअर नाही, आवाज नाही, ऐकायचं काय, कपाळ? त्यात त्यांनी गुडघ्यावरून नकळत हात फिरवला. तो चष्मेवाल्यांनी पाहिला, आणि त्यांना राहवेना.

"अगं, ऐकलंस का?"

"ऐकते आहे. सांगा," मधासारखा आवाज म्हणाला.

चष्मेवाले दचकले. पण या प्रश्नाला इतक्या वर्षांत इतकं झटपट, इतकं गोड उत्तर कधी आलं नव्हतं. आठवड्यांचं तुंबलेलं एकदम बाहेर पडलं. "पेडल अडकलं नव्हतं!"

"पेडल अडकलं आहे. जवळचं गॅरेज शोधू का?"

"नव्हतं! पाय उशिरा पडला हिचा. गुडघा दुखतो."

"गुडघा दुखतो. जवळचा दवाखाना शोधू का?"

"गप्प बैस!" क्लचबाई कडाडल्या. हे कुणाला, ते कळेना, म्हणून टायवाला, चष्मेवाले आणि गाडी तिघंही गप्प बसले.

"घरातली गोष्ट परक्यापुढे?" बाईंचा आवाज फाटला होता. "लाज नाही वाटत?"

"घरात ऐकतेस कुठे तू? ही निदान ऐकते तरी!"

"मग हिच्याबरोबरच करा संसार!"

"थांबवा हो गाडी," चष्मेवाले टायवाल्याला म्हणाले, चौकात उतरले आणि त्यांनी दार आपटलं. पण दारही असलं आधुनिक, की नुसतं फुस्स झालं. रागाचं जरा चीज होईल तर शपथ. समोर इस्त्रीवाला दुकानाच्या पायरीवर बसलाच होता, आणि उघड्या काचेतून 'हिच्याबरोबरच करा संसार' त्याच्या कानावर पडलं होतं. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

गाडी पुढे निघाली. क्लचबाई मनातल्या मनात धुमसत होत्या. पाय उशिरा पडला म्हणे! या पायाने किती माणसं वाचवली, ती यांना काय माहीत. लोक म्हणतात बाई जिभेने शिकवते. जीभ नंतर. आधी पाय. शिकणाऱ्याच्या खांद्यात भीती दिसते न दिसते तोच पाय दाबलेला असतो, आणि त्या पायाच्या भरवशावर लोक आपल्या सुना, आपले बाप या गाडीत बसवतात.

गोदामापाशी एक ट्रक उभा होता. त्याच्या आडून एक हमाल खोक्यांची ट्रॉली ओढत उलटा, पाठमोरा रस्त्यावर आला. टायवाला नेमका आरशात बघत होता. क्लचबाईंनी हमाल पाहिला. पाय दाबला. त्या बाजूला पेडल नव्हतंच, पण पायाला ते कुठे माहीत.

गाडी थांबली. पट्टा छातीत रुतला, डोकं पुढे जाऊन मागे आलं, आणि मग, सगळं थांबून झाल्यावर, त्यांची टाच खालच्या मॅटवर आपटली.

आधी गाडी. मग पाय.

हमाल मागे वळला, गाडीला आणि तिच्या सात पिढ्यांना दोन शिव्या हासडून निघून गेला. खोकी पडली नव्हती. क्लचबाई मॅटवरच्या आपल्या चपलेकडे बघत राहिल्या. आयुष्यभर दुसऱ्यांना "गाडीचं ऐका" सांगितलं, आणि गुडघा एवढे दिवस कण्हत होता, त्याचं मात्र ऐकलं नव्हतं. संतापाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तो संताप कुणावर होता, हे सांगायची सोय नव्हती. गुडघ्यावर ओरडता येत नाही.

टायवाल्यावर येतं. शोरूममध्ये परतल्यावर त्या म्हणाल्या, "हा आपोआप लागणारा ब्रेक मला हवा. कॅमेरा हवा. बाकी ठेवा तुमच्याकडे. आणि क्लचवाली द्या."

"मॅडम, तो ब्रेक फक्त टॉप मॉडेलला येतो. त्यात काचेचं छत येतं, रंगीत दिवे येतात, बोलणारी सिस्टीम येते. आणि टॉप मॉडेलला क्लच नसतो."

"म्हणजे समोरचा माणूस वाचवायचा तर डोक्यावर काचेचं छत घ्यायचं?"

"पॅकेज आहे, मॅडम."

"ज्याला छत परवडत नाही, त्याच्या गाडीखाली आलेल्याने मरायचं? अहो, रस्त्यावरचा माणूस काय मॉडेल बघून आडवा येतो?"

टायवाल्याने टायची गाठ चाचपली. "वर बोलतो, मॅडम," तो म्हणाला. वर कुणाशी, ते त्यालाही ठाऊक नसावं. काचेचं छत असतं तर निदान तिकडे बघता आलं असतं.

संध्याकाळी आळीतल्या बायका एकेक करून वाटीभर साखर मागायच्या निमित्ताने डोकावून गेल्या. घरात भांड्यांचा आवाज होता, माणसांचा नव्हता. चष्मेवाले टेबलाशी बसून एकच भिंग पुसत होते. नळ वाहत होता. मग नळ बंद झाला.

"अहो."

"हं."

"ऐकलंत का?"

चष्मेवाल्यांनी भिंग खाली ठेवलं. ही हाक या दिशेने कधी आली नव्हती.

"पेडल अडकलं नव्हतं," क्लचबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "आणि आता 'बघ, मी सांगत नव्हतो का' असं एक अक्षर काढलंत तर याद राखा."

चष्मेवाल्यांनी काढलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "मग काय ठरवलंस?"

"ठरवायला काय ठेवलंय त्यांनी? ब्रेक हवा तर क्लच जातो. क्लच हवा तर माझ्या या पायाच्या भरवशावर परक्याची सून बसवायची. सांगा, कुठला काटा आवडीने गिळू?" पातेलं ओट्यावर आदळलं. "शिकवीन मी बिनक्लचची. गाडी मुकी असली तर रस्त्याचं ऐकायला शिकवीन. माझ्या बाजूचा ब्रेक मात्र बसवून घेणार. आधी माझा पाय, तो चुकला तर गाडीचा ब्रेक."

"आणि गुडघा?"

"दाखवीन. ओरडू नका."

चष्मेवाले ओरडले नव्हते. पण त्यांनी तेही ऐकून घेतलं.

गाडी आणायला दोघं एकत्र गेले. इस्त्रीवाला पायरीवर उभा राहून बघत होता, आणि बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याच्या हातातला शर्ट करपला. शोरूममध्ये टायवाल्याने सौजन्याने विचारलं की बोलणारी सिस्टीम चालू ठेवायची का, काढता तर येत नाही पण बंद करता येते; सरांना तर फार आवडली होती, किती छान ऐकते त्यांचं.

क्लचबाई म्हणाल्या, "बंद करा तिला. ह्यांचं ऐकायला मी आहे. ऐकत नाही, तो भाग वेगळा. पण जागा माझी आहे."