शेवटच्या ओळीतलं नाव

वडप्याच्या त्या गोदामाच्या गेटवर दर शनिवारी दुपारी पुढच्या आठवड्याच्या शिफ्टचा कागद चिकटायचा. चाळीस-बेचाळीस नावं, एकाच पानावर, अक्षर असं ठसठशीत की वॉचमन नवशाला चष्मा लागायचा नाही. नवशाचा कायदा सोपा होता. कागदावर नाव असेल तो आत, नसेल तो घरी. हा कायदा त्याला शिकवला होता कागद काढणाऱ्या तुळजानं.

तुळजा शेतातली बाई. सासऱ्याची जमीन गोदामात गेली तेव्हा घरटी एक नोकरी ठरली, ती हिच्या वाट्याला आली. चार वर्षं पॅकिंगच्या टेबलाशी उभं राहून गुडघे धरले. मग पडघ्याच्या क्लासात तीन महिने जाऊन कॉम्प्युटर शिकली आणि गेटजवळच्या केबिनमध्ये खुर्चीवर बसली. त्या खुर्चीचं सुख तिच्या गुडघ्यांनाच ठाऊक.

क्लासातल्या सरांनी बेरजा शिकवल्या, रंगीत तक्ते शिकवले. पडद्यावरचं कागदावर नीट कसं उतरवायचं ते मात्र कोणी सांगितलं नाही. पहिल्यांदा छापलं तर माणसांची नावं एका पानावर आणि त्यांच्या शिफ्ट दुसऱ्यावर. मग पान आडवं करायचं, मार्जिन आवळायची, सगळे रकाने एका पानाच्या रुंदीत बसवायचे, दुसरं पान निघालंच तर मथळा त्याच्याही डोक्यावर आणायचा, हे ती कागद नासवत नासवत शिकली. नासलेल्या पानांत घरी सुकट बांधायची.

पहिल्याच महिन्यात घोळ झाला होता. शीटचा किती तुकडा कागदावर उतरवायचा त्याची हद्द, म्हणजे प्रिंट एरिया, तिनं आखून ठेवली, आणि मागाहून वाढलेलं एक नाव हद्दीबाहेर राहिलं. ते नाव सरूचं. सरू डोंगरातल्या पाड्यावरून दीड तास चालत आली. नवशानं कागदावर बोट फिरवलं आणि तिला परत धाडलं. सरू भांडली नाही. गेटबाहेर बसून भाकर खाल्ली आणि आल्या वाटेनं गेली. तुळजाला हे कळलं. त्या आठवड्यापासून तिनं स्वतःचं नाव सगळ्यात खाली टाकायला सुरुवात केली. कागद खालून कापला गेलाच तर पहिलं आपलंच नाव जाईल, आणि आपलं गेलं की लगेच कळेल.

ही युक्ती तिनं एकाच माणसाला सांगितली. थोरल्या बहिणीची हेमाली बारावी करून घरी बसली होती. गोदाम सांभाळणाऱ्या मनोज साहेबाच्या मागे लागून तुळजानं तिला पॅकिंगला चिकटवलं. दुपारच्या सुट्टीत केबिनमध्ये बोलावून, आपल्या डब्यातलं अर्धं कालवण तिच्या पुढ्यात सारून, वर्षभर सगळं शिकवलं. पोरगी हुशार. उभं राहायचा मात्र तिला भारी कंटाळा.

मग कंपनीनं पडघ्याला नवं गोदाम घेतलं. अर्धी माणसं तिकडे जायची, गेटची केबिनही तिकडेच, आणि तिथं खुर्ची एकच. हेड ऑफिसनं तुळजाच्याच जुन्या शीटवरून बावीस नावांची यादी करून पाठवली. तुळजा त्या दिवशी दिराच्या पोराच्या हळदीला गेली होती. कागद काढायला हेमाली बसली. मनोज साहेबानं सही ठोकली आणि कागद वर गेला.

सोमवारी पडघ्याची बस गेटवर उभी. नवशा एकेक नाव वाचून माणसं चढवत होता. तुळजा डबा घेऊन रांगेत. तिची पाळी आली तेव्हा नवशानं यादी वरून खाली दोनदा वाचली, मग चष्मा लावून तिसऱ्यांदा.

"वयनी, कागदावर न्हाय," तो खाली बघत म्हणाला.

हेमाली बसमध्ये खिडकीशी होती. ती पलीकडच्या बाजूला बघत राहिली.

तुळजा केबिनमध्ये गेली, फाईल उघडली. बाविसाव्या ओळीत तिचं नाव जागच्या जागी होतं. हद्द एकविसावर संपली होती. वरून आलेल्या फाईलला हद्द नव्हतीच. कोणीतरी बसून, माऊस ओढून, तिच्या नावाच्या बरोब्बर वर थांबलं होतं. आणि छापलेल्या कागदावर शेवटच्या नावाखाली चार बोटं कोरी जागा होती.

मनोज साहेब म्हणाला, त्या यादीवरून तिकडची गेटची कार्डं आता बनली, तू इकडे पॅकिंगला राहा, हेमाली सांभाळेल तिकडचं, घरातलीच पोरगी आहे की. बहिणीनं फोनवर चुकून झालं असंल म्हटलं, वर तुझं आता वय झालं असंही ऐकवलं. हेमालीनं फोन उचललाच नाही. तुळजा पुन्हा टेबलाशी उभी राहिली.

तिसऱ्या शनिवारी हेमालीचाच फोन आला. आवाज रडवेला. यादीत माणसं वाढलीत, शिफ्टचा रकाना दुसऱ्या पानावर पळतोय, साहेब ओरडतोय. तुळजानं फोन ठेवायला कानापासून काढला. तेवढ्यात त्यातून मागचा गलका ऐकू आला. बायका तिथल्या गेटवर कागदाची वाट बघत होत्या, पडघ्याला गेलेली सरू कोणाला तरी वेळ विचारत होती.

तुळजानं फोन परत कानाला लावला. पान आडवं कर म्हणाली, रुंदी एका पानात बसव, उंची मोकळी सोड, मथळा दोन्ही पानांवर घे. हेमाली मागून मागून करत गेली. शेवटी बसला सगळा, असं म्हणून तिनं श्वास सोडला.

"सगल्यात खाली कोनाचा नाव हाय?" तुळजानं विचारलं.

हेमालीनं यादी खालपर्यंत ओढली.

"सरूचा."

"तो वर घे. खाली तुजा टाक."

'मावशी, मावशी' करत हेमाली काही सांगू लागली. तुळजानं ते ऐकून घेतलं नाही. फोन बंद करून ओच्यात खोचला, पुढचा खोका ओढला आणि टेप लावायला लागली.