खाडीच्या पाण्याचा रंग

नव्वदच्या दशकात मी सुरतेत बी.एड. करत होते. 'शिक्षकाने चिकित्सक विचार रुजवावा' हे वाक्य आमच्या सरांनी सावकाश, स्वल्पविरामांसकट उतरवून दिलं. मग यावर तुमचं मत काय, असं विचारलं, तर सगळ्यांनी तेच वाक्य परत वाचून दाखवलं. सर भला माणूस. मान खाली घालून हसले आणि पुढचा मुद्दा सांगू लागले.

खरी मतं डबा खाताना निघायची. माझी मैत्रीण म्हणायची, विचार नोकरी लागल्यावर करू, आधी टाचण पुरं करू. तिचं काही खोटं नव्हतं. पाठाच्या टाचणात आमचे प्रश्न डावीकडे आणि मुलांची अपेक्षित उत्तरं उजवीकडे, आदल्या दिवशीच लिहिलेली असायची.

माझा परीक्षेचा पाठ लिंबायतच्या मराठी शाळेत लागला. वडील त्याच वस्तीत कापडाच्या लूमवर कामाला होते, आणि मला नोकरी लागणं या गुणांवर होतं. विषय पाण्याचे गुणधर्म. सर मागच्या बाकावर. मी विचारलं, पाण्याचा रंग कोणता? उजवीकडचं उत्तर होतं, रंग नसतो. पुढची एक मुलगी उठली.

"बाई, आमनी खाडीनं पानी काल लाल व्हतं. आज हिरवं शे."

डाइंगवाले ज्या रंगाचं कापड काढत, त्या रंगाची खाडी वाहायची, हे मलाही ठाऊक होतं. तिला खाली बसवलं असतं तर पाठ वेळेत संपला असता. पण ती इतक्या खात्रीने बघत होती की मला ते जमेना. मी विचारलं, मग तो रंग पाण्याचा, की आणखी कशाचा? झालं, वर्गाला वाचा फुटली. घंटा झाली तेव्हा निम्मं टाचण तसंच होतं.

सरांनी व्हरांड्यात गाठलं. "आज तुम्ही खरं शिकवलं, बेन," ते म्हणाले. "पण पाठ अधुरा राहिला. गुण कापावे लागतील." आणि कापलेच. मला भयंकर राग आला. त्या वर्षी नोकरी हुकली.

पुढच्या वर्षी मी घरीच शिकवण्या घेत होते. आमच्या गल्लीतली एक मुलगी त्याच सरांच्या वर्गात होती, ती परीक्षेआधी माझ्याकडे आली. सरांनी चिकित्सक विचाराचं उदाहरण उतरवून दिलं होतं, खाडीच्या पाण्याचं. मला भरून आलं. तिला ते सगळं तोंडपाठ होतं, एकाच ठिकाणी अडलं होतं.

"ताई, आधी लाल लिहायचं की हिरवं? क्रम चुकला तर गुण जातात ना?"