चपलांची हजेरी

"सप्पा आले का?"

हे विचारताना मिस्त्रींचा डावा हात सदऱ्याच्या खिशावर असायचा. सप्पा म्हणजे आमच्या गोंदियाकडच्या बोलीत सगळे. उत्तर एकाने देऊन चालत नसे. ते प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत, आणि मगच हात खिशात जाई.

त्या खिशात राइस मिलचा जीव होता. मिलमध्ये कुठलंही यंत्र साफ करायचं असलं की मिस्त्री आधी मेन स्विचचे तिन्ही फ्यूज काढत, रुमालात गुंडाळत आणि खिशात टाकत. सफाई संपेपर्यंत मिल चालू करणं सेठजींच्याही हातात नसायचं. जेवताना, चहा पिताना फ्यूज खिशातच. एकदा ते तसेच लग्नाला गेले आणि अर्ध्या पंगतीतून उठून परत आले.

मी त्या मिलचा मुनीम. हजेरीचं रजिस्टर माझ्याकडे. आकडा जुळला नाही तर मला घरी जेवण जात नाही, असं माझी बायको सांगते आणि ते खरं आहे. मिस्त्रींचा मात्र माझ्या रजिस्टरवर विश्वास नव्हता. ते चपला मोजायचे.

आमच्याकडे धानावर चप्पल घालून कोणी पाय ठेवत नाही. गोदाम असो, धानाचा ढीग असो की यंत्राखालचा खड्डा, दाराशी चपला काढूनच माणूस आत जातो. हे कोणी शिकवत नाही आणि कोणी मोडतही नाही. मिस्त्रींचं गणित त्यावर उभं होतं. दाराशी जोड आहे म्हणजे माणूस आत आहे. शेवटचा जोड उचलला गेला की फ्यूज खिशातून बाहेर.

या गणिताचा त्रासही भरपूर होता. एकदा एक हमाल अनवाणीच मागच्या शेताकडे गेला. त्याची चप्पल दाराशी, आणि मिल चाळीस मिनिटं बंद. दुसऱ्यांदा कुत्र्याने कुठलीतरी चप्पल आणून टाकली होती.

सेठजी ओरडले, "मिस्त्री, एक चप्पल के लिए मिल बंद? कुत्र्याची हजेरी घेऊन राहिले का तुम्ही?"

"कुत्र्याची आहे असं कुत्रा म्हणाला का?" मिस्त्री म्हणाले.

मी हे सगळं लिहून ठेवत असे. माझ्या अकरा वर्षांच्या नोंदीत, चपलेपायी मिल थांबली ती आठ वेळा. आठही वेळा आत कोणी नव्हतं. मी हा आकडा सेठजींना दाखवला होता. मिस्त्रींची पद्धत बंद करावी, माझी हजेरी पुरेशी आहे, असं मी स्पष्ट सांगितलं होतं. तुम्हीही माझ्या जागी असता तर कदाचित तेच सांगितलं असतं. आठपैकी आठ हा आकडा काही लहान नाही.

नववी वेळ त्यानंतर दीड महिन्याने आली.

त्या दिवशी एलिव्हेटरखालचा खड्डा साफ करायचा होता. एलिव्हेटर म्हणजे धान वर चढवणारा बादल्यांचा पट्टा. त्याचं खालचं झाकण उघडून आत साचलेलं धान हाताने काढावं लागतं. कामावर सहा बाया. चार वाजता सफाई झाली. बाहेर धानाच्या तीन गाड्या उभ्या होत्या आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते. मी दाराशी उभा राहून सहा नावं वाचली. सहा आवाज आले. सहावा आवाज जरा लांबून, पाण्याच्या टाकीजवळून आला. तिथे कामठ्याची शेवंताबाई डोक्यावरून पदर घेऊन बसली होती. तिला दुपारपासून ताप होता.

"सहा," मी म्हटलं. "आकडा बरोबर आहे. मिस्त्री, लावा फ्यूज."

"हे कोणाची?" मिस्त्रींनी विचारलं.

दाराशी एक जोड उरला होता. निळ्या पट्ट्याची रबरी चप्पल. डाव्या चपलेचा पट्टा तुटलेला, आणि त्याला सेफ्टी पिन लावलेली.

"टाकून गेलं असेल कोणी. जुनी आहे."

"चप्पल टाकून गेली. पाय बी टाकून गेली का?"

बाया हसल्या. सेठजी ऑफिसातून धावत आले. "मिस्त्री, तीन गाडी खडी है! चालू करा लवकर!"

"काऊन घाई करून राहिले, सेठजी? चालू करतो. पहिले हिचे पाय दाखवा मले."

"मुनीमजी, हजेरी काय म्हणते?"

"सहा गेल्या, सहा आल्या," मी म्हटलं. माझा आवाज ठाम होता. रजिस्टर उघडं करून मी ते सेठजींपुढे धरलं. सेठजींनी मिस्त्रींपुढे हात पसरला. "फ्यूज द्या इकडे. मी लावतो."

मिस्त्रींनी खिसा मुठीत आवळला. दुसऱ्या हाताने ती चप्पल उचलली, डोक्यावर धरली आणि आवारभर ऐकू जाईल असे ओरडले, "हे कोणाची हाय?"

टाकीजवळ शेवंताबाईने पदर बाजूला केला. चपलेकडे पाहिलं, आणि ती जागच्या जागी किंचाळली.

"अवं माय! माह्या जावेची हाय! माह्या बदल्यात गेली होती आत!"

धाकटी जाऊ दुपारी तिचा डबा घेऊन आली होती. हिला ताप पाहून ती स्वतःच कामाला उतरली. मला कोणी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी शेवंताबाईची हजेरी अर्धी केली असती. नियम माझाच होता. ती केव्हाच घरी गेली असेल, असं तापात पडलेल्या शेवंताबाईलाही वाटलं होतं आणि बाकीच्या बायांनाही; तिची चप्पल त्यांच्या ओळखीची नव्हती.

मिस्त्री खड्ड्यात उतरले, मी त्यांच्या मागे. ती खालच्या कोपऱ्यात होती. धुळीसाठी कानांवरून घट्ट दुपट्टा बांधलेला, त्यामुळे हॉर्न नाही, आरडाओरडा नाही, तिला काही ऐकू आलं नव्हतं. उघड्या झाकणातून तिचा उजवा हात खांद्यापर्यंत बादल्यांच्या मध्ये गेलेला होता.

मिस्त्रींनी तिच्या पाठीवर हलकेच थोपटलं. तिने मान वळवली, भुशाने माखलेलं तोंड हसलं. "चाय झाली का, बाबा?"

"झाली. चाल वर."

 वर आल्यावर मी पोत्यावर बसलो. मिस्त्रींनी मला पाणी दिलं. ते एवढंच म्हणाले, "मुनीमजी, कागद तुमचा बराबर होता. पोरगी कागदावर नोहती." त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मी मात्र त्याच दिवशी बदलीच्या बाईला पूर्ण हजेरी सुरू केली.

आठवड्याने सेठजींनी एक मोठी पाटी आणून भिंतीवर ठोकली. 'सेफ्टी फर्स्ट.' मिस्त्रींनी तिच्याकडे बोट दाखवलं.

"सेफ म्हंजे काय?"

"सेफ मतलब तिजोरी," सेठजी म्हणाले.

"सही सलामत," एक ड्रायव्हर म्हणाला.

"सुरक्षित," मी म्हटलं.

"ते त मले बी मालूम हाय. पण मूळचा काय? कोठून आला?"

मला नेमकं सांगता येईना, आणि अंदाजाने सांगणं मला जमत नाही. माझी मुलगी इंग्रजी घेऊन एम.ए. करते आहे. रात्री जेवताना तिला विचारलं. तिने दोन दिवस घेतले, मग सांगितलं. हा शब्द इंग्रजांना फ्रेंचांकडून मिळाला, फ्रेंचांना लॅटिनमधून. तिथे त्याचा अर्थ होता अख्खा, धड, काहीही न तुटलेला. धोका, पहारा, कुलूप हे त्यात नंतर आलं. तिजोरीचा अर्थही नंतरचाच. एकेकाळी अन्न ठेवायच्या जाळीच्या कपाटालाही इंग्रज सेफच म्हणत. सलामत मात्र अरबीतून आलेला, त्याचं घराणं वेगळं. "आणि बाबा, गंमत ऐका," ती म्हणाली. "लॅटिनच्या त्या शब्दाचं आणि आपल्या संस्कृतातल्या 'सर्व'चं मूळ एकच आहे."

मी हे सगळं कागदावर उतरवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना वाचून दाखवलं. ते बिडी विझवून ऐकत होते.

"म्हंजे सेफ म्हंजे सप्पा," ते म्हणाले.

"सर्व. अख्खं."

"तेच त. सप्पा आले, सप्पा धड आले." त्यांनी पाटीकडे हात केला. "मंग हे फर्स्ट काऊन लिवलं? हे त शेवटी पाहा लागते. सप्पा बाहेर आल्यावर."

मी तो कागद घडी करून रजिस्टरमध्ये ठेवला. 

दोन वर्षांनी ते घरी बसले. जाताना रुमालासकट फ्यूज माझ्या हातात दिले. नव्या मिस्त्रीच्या नाही, माझ्या. "तुम्ही मोजाल," म्हणाले.

मी मोजतो. रजिस्टरही ठेवतो आणि चपलाही मोजतो. दोन्ही जुळल्याशिवाय फ्यूज देत नाही. त्यानंतर चपलेपायी मिल पाच वेळा थांबली आहे आणि पाचही वेळा आत कोणी नव्हतं. हा आकडा मी सेठजींना दाखवलेला नाही.

गेल्या दिवाळीनंतर, मिलवर नवं धान येत असताना, मिस्त्री गेले. नवेगाव बांधच्या पुढे त्यांचं गाव. मिलच्या पिकअपमधून आम्ही चौदा जण घरच्यांना भेटायला गेलो. शेवंताबाई आणि तिची जाऊही होत्या. ओसरीवर बसलो.  मिस्त्रींच्या बायकोने, काकूंनी, काळा चहा दिला. त्यांचा मुलगा फोटोला हार घालत होता. धाकटी जाऊ फोटोसमोर बसून राहिली होती, उजवा हात मांडीवर ठेवून.

निघताना मी सवयीने सगळ्यांच्या शेवटी उठलो. एकेकाने चपला घातल्या. माझ्या मी घातल्या. घरच्यांच्या चपला मागच्या दाराशी होत्या, हे मी येतानाच पाहिलं होतं. तरी अंगणात भिंतीला टेकून एक जोड उरला. टायरच्या तळाची जाड चप्पल, टाचेकडे झिजलेली.

मी थांबलो.  मागे वळून ओसरीवर पाहिलं, आत पाहिलं.

काकू दाराशी उभ्या होत्या. "त्यायचीच हाय," त्या म्हणाल्या. "उचलाले हात होत नाही."

पिकअपचं इंजिन चालू झालं होतं. नवा मिस्त्री समोरच्या सीटवरून वाकून ओरडला, "मुनीमजी, सप्पा आले का?"

आकडा जुळत नव्हता. मी म्हटलं, "आले."