साळवेमामांचा ‘नववा तास’

साळवेमामांनी पहिल्याच भेटीत आमच्या अख्ख्या लॅबला गप्प केलं होतं. कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत मी नुकतीच केमिस्ट म्हणून लागले होते आणि आमचा व्हॅक्यूम पंप कुरकुर करत होता. मेंटेनन्सकडून एक बुटके, जाड मिशांचे फिटर आले. ‘जय ख्रिस्त’ म्हणाले, लांब स्क्रूड्रायव्हर काढला, टोक पंपावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. कोणीतरी फिसकन हसलं. “गप ऱ्हावा जरा. त्ये बोलतंय न्हवं?” मग निकाल लागला, “मागली बेअरिंग. तीन दिवस काढंल.” पंप चार दिवस चालून बसला. एक दिवस चुकला म्हणून हा माणूस चक्क माझी माफी मागायला आला!

मी न्हावऱ्याची, दौंडात खोली घेऊन राहायचे. मामा दौंडचेच, त्यामुळे कंपनीच्या बसला रोजची सोबत. कंपनीत मी ‘मॅडम’, बसमध्ये ‘पोरी’. रविवारी ते चर्चमध्ये पेटी वाजवतात एवढं मला माहीत होतं. म्हणून एकदा बसमध्ये त्यांनी “ऐक, पन घाबरू नगं,” म्हणत इअरफोन दिला, तेव्हा मी छानसं भजन ऐकायच्या तयारीत बसले. अगं बाई गं! पत्र्याचं गोदाम कोसळावं तसा दणका, त्यावर करकरती गिटार आणि मध्येच मामा स्वतः, नरडं फाडून ओरडताहेत. मी इअरफोन उपटला.

“मामा, हे काय बोंबलताय?”

“बोंबलत न्हाई, प्रार्थना करतोय. देवाला काय निस्ती पेटीच ऐकू येती व्हय?”

तरुणपणी रेल्वे कॉलनीतल्या एका गार्डने त्यांना परदेशातली कॅसेट दिली होती. यंत्रांचे आवाज, कानठळ्या बसवणारं मेटल संगीत आणि त्या गदारोळातून ख्रिस्ताला मारलेल्या हाका. ते मामांच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. चाळिशी उलटल्यावर ते गिटार शिकले, जुना कॉम्प्युटर घेतला आणि स्वतःचा अल्बम करायला घेतला. आठ गाणी, नाव ‘नववा तास’. वधस्तंभावर येशूने प्राण सोडला ती वेळ. चर्चची मोडकी पेटी त्यांनी गिटारचा आवाज फाडणाऱ्या पेडलमधून अशी काढली होती की तिच्यातून कंप्रेसरसारखी घरघर यायची.

बाकीचे आवाज मात्र अस्सल. प्लांटमध्ये मोबाइल न्यायला बंदी, तो गेटवरच जमा होतो. मामांनी काय करावं? वर्कशॉपमध्ये रेकॉर्डर न्यायला रीतसर वर्क परमिट भरलं आणि कामाच्या रकान्यात लिहिलं, ‘आवाज गोळा करणे’. सेफ्टी ऑफिसर पोट धरधरून हसले आणि सही देऊन मोकळे झाले. तिथे घण, ग्राइंडर, चेन पुली, सगळं रेकॉर्ड झालं. आमच्या न्हावऱ्याची कडबाकुट्टीसुद्धा तिसऱ्या गाण्यात आहे. मी आमच्या आप्पांना ऐकवलं तर म्हणाले, “पातं बोथट झालंय, कळतंय की!”

पण सगळ्यात मौल्यवान आवाज मामांच्या आईचा. रूथबाई शेतात राबायच्या आणि दळताना स्वतःच जोडलेली गाणी गायच्या. त्या गेल्या, मागे एक कॅसेट राहिली. त्यातली एक ओळ आठव्या गाण्याच्या शेवटी होती. सगळं लोखंड थांबतं आणि आई गाते. “ह्यो सगळा धिंगाणा त्या एका ओळीसाठी हाय, पोरी,” असं मामा म्हणायचे.

चार वर्षांनी अल्बम झाला आणि तो आधी मला ऐकवला. आठव्या गाण्यात लोखंड थांबलं, आईचा आवाज आला आणि माझ्या कानात दाभण घुसल्यासारखं झालं. इतका तीक्ष्ण आणि कर्कश की डोळ्यांत पाणी आलं. मामा शेजारी डोळे मिटून शांत बसले होते. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की यांना ही किंचाळी ऐकूच येत नाहीये. माझा धंदाच सॅम्पल फेल करायचा. अख्खी बॅच नापास करताना माझी पापणी लवत नाही. पण त्या दिवशी माझी जीभ रेटेना. मी म्हणाले, “छान झालंय, मामा.” त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

चर्चमध्ये कापणीचा सण होता. वेदीपाशी ज्वारीची कणसं, कांदे, भोपळे मांडलेले. उपासना झाल्यावर पाळकसाहेबांनी मोठ्या मनाने अल्बममधलं शेवटचं गाणं लावायची परवानगी दिली होती. मामांनी मलाही बोलावलं होतं. ठोकाठोक मंडळींनी निभावून नेली, दोघातिघांनी तर टाळ्यांचा ठेका धरला. मग रूथबाई गायला लागल्या. बायांनी कानांवर हात ठेवले, एक तान्हं किंचाळून रडायला लागलं आणि एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी उठून सरळ स्पीकरची वायर काढली. मामा हसतमुखाने उभे होते. लोकांचे चेहरे दिसले तेव्हा ते हसू मावळलं.

सोमवारी बसमध्ये ते म्हणाले, “मंडळीला न्हाई पटलं. म्हातारीचा आवाजच नगं झाला लोकांना. पुसून टाकतो सगळं.”

आता गप्प बसले असते तर मी माणूस नव्हते. “गाणं चांगलं आहे, मामा. आईचा आवाज तुम्ही फार वाढवलाय, तो कानाला टोचतो. तुम्हाला टोचत नाही, कारण तुम्हाला बारीक आवाज येतच नाहीत.”

कंपनीचं गेट आलं तेव्हा ते म्हणाले, “दरसाली कानाची तपासनी असती. आवाज आला की बटन दाबायचं. मी काचेतनं आवाज सोडनाऱ्या सिस्टरचा अंगठा बघून दाबायचो. बेअरिंग हाडातनं कळती, म्हनून कुनाला पत्ता लागला न्हाई.” मग, “मला वाटलं, टेप जुनी झाली म्हनून आई बारीक येती. म्हनून वाढवत गेलो.” आणि उतरता उतरता, “तू आधी का न्हाई बोललीस? लॅबमधी तर लगीच फेल करतीस.”



मामांनी त्याच आठवड्यात कंपनीच्या डॉक्टरांना अंगठ्याचं खरं सांगून टाकलं. त्यांना प्लांटमधून काढून स्टोअरला बसवलं. आता ते नटबोल्ट मोजून देतात आणि “हितं लई शांतता हाय,” म्हणून कुरकुरतात. पण अल्बम पुसला नाही. पुढच्या रविवारी दुपारी त्यांनी मला घरी बोलावलं, कॉम्प्युटरसमोर खुर्ची दिली आणि म्हणाले, “आज कान तुजं, हात माजं.”

आठवं गाणं लागलं. मी मान हलवायची, ते आवाज खाली घ्यायचे. “आजून?” अजून. “आजून?” थोडा अजून. किंचाळी हळूहळू गेली आणि एक म्हातारी बाई उरली. ओळीआधी तिने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू यायला लागला. मामा पडद्याकडे बघतच नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते.

“आता?”

“आता बरोबर आहे.”

“गाती का?”

“गातेय, मामा.”

“मला न्हाई येत ऐकू.”

माझा हात आपसूक माउसकडे गेला. थोडा वाढवावा, निदान यांच्यापुरता. त्यांनी माझं मनगट धरलं. “ऱ्हाऊ दे. मंडळीला ऐकू येऊ दे.” मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी विचारलं, “कुठवर आली?”

मला रडू आवरत नव्हतं, तरी मी त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने सांगितलं, “वाटंवर हाय म्हणतेय, मामा. दार लोटू नको देवा, मी वाटंवर हाय.”