आश्रुबा टायरवाले आणि माझा प्रविण

नेकनूरच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये आश्रुबांचं टायरचं दुकान आहे. वय साठीच्या पुढे, शाळा चौथीपर्यंत. माझा प्रविण त्यांना मामा म्हणतो. सख्ख्या मामाला तो दिवाळीला एक फोन करतो, तोही मी नंबर लावून हातात दिला तर. पुण्याहून सुट्टीला आला की गाडी आधी आश्रुबांच्या दारात थांबते, मग घरी येते. मला हे सहन होत नाही.

गेल्या वर्षी त्याने जुनी, दोन दारांची स्पोर्ट्स कार घेतली. पुढच्या महिन्यात त्याला ड्रॅग रेसमध्ये उतरायचंय. बंद धावपट्टीवर सरळ पाव मैल, आधी पोचेल तो जिंकला. त्यासाठी मागच्या चाकांना मऊ, चिकट रबराची वेगळी टायरं लागतात. मूळ चाकं तशीच ठेवून त्यांवर तीनशे पाच मिलिमीटर रुंदीचं टायर चढवायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

"जितकं रुंद तितकी पकड, आई. तुला नाही कळायचं."

मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलंय. पण हे ऐकून घ्यायला तो थांबला नाही.

काल तो उठायच्या आत मी आश्रुबांकडे गेले. म्हटलं, "त्याला सांगा, या चाकांना रेसचं कुठलंच टायर बसत नाही. म्हणजे रेसचा नाद सुटेल."

त्यांनी हातातली पहार खाली ठेवली. "खोटं कावून सांगू, बाई? मी न्हाई म्हनलं की पोरगं दुसरीकडं जाईल. तितं त्याला पायजे तेच ठोकून देतील."

मग त्यांनी स्वतःचीच गोष्ट सांगितली. ते विशीत असताना घरची सगळी ऊसतोडीला जायची. बैलगाडीची चाकं चिखलात रुततात म्हणून त्यांनी गाडीच्या अरुंद रिमवर ट्रकचं रुंद टायर दाबून बसवलं. चार दिवस झकास चाललं. मग भरल्या गाडीचं टायर कारखान्याच्या अलीकडे रिममधून निसटलं, गाडी कलली आणि त्या बाजूच्या बैलाचा पाय मोडला. "बाप म्हैनाभर बोलला न्हाई माज्याशी. तवापासून आदी रिम बगतो, मग टायर."

मला हे पटलं. पटलं म्हणून जास्तच राग आला.

तेवढ्यात प्रविण गाडी घेऊन आला. मला तिथे बघून कपाळाला आठ्या. "तू इथं काय करतेस?"

"बाईंला मीच बोलावलं," आश्रुबा म्हणाले. "वजन पायजेल हाय. बाई, बसा डिकीवर."

मी साडी सावरून गाडीच्या डिकीवर बसले. गाडी भरली की मागून किती दबते ते बघायचं होतं. मी बसायच्या आधी त्यांनी मागचं चाक काढून आतल्या पत्र्याला ओल्या काळ्या मातीचा गोळा थापला होता आणि चाक परत चढवलं होतं. मी उतरल्यावर त्यांनी चाक पुन्हा काढलं. गोळा दबून चपटा झालेला. पट्टी लावली तर अठरा मिलिमीटर. टायर आणि पत्रा यांच्यात उरलेली जागा ती एवढीच.

मी लगेच म्हणाले, "आत्ताचं टायर दोनशे पंचावन्नचं. तीनशे पाच म्हणजे पन्नास जास्त. आत पंचवीस, बाहेर पंचवीस. जागा अठराच आहे. घासणार."

प्रविण मोबाइलमध्ये बघत राहिला. "आई, प्लीज."

आश्रुबांनी अंगठ्याने मातीची जाडी पुन्हा चाचपली. "बाई बरुबर म्हनत्यात. पत्र्याला घासून फाटंल. अन् तुजी रिम नऊ इंची. त्याच्यावर तीनशे पाच चढवलं तर मदीच फुगंल, रस्त्याला नुसता मदला पट्टा टेकंल. मग कुठली पकड? दोनशे पंच्याहत्तर घे. आत धाच वाढतंय, रिमलाबी चालतंय."

"बरं मामा. दोनशे पंच्याहत्तर."

इतकंच. एका दमात. बावीस वर्षांत माझ्या एका वाक्याला त्याने असा होकार दिलेला मला आठवत नाही.

"अन् रेसची टायरं घालून हितून निगायचं न्हाई," आश्रुबा पुढे म्हणाले. "पावसात लई घसरत्यात ती. जाताना साधी टायरं. ही डिकीत टाकायची, न्हाई मावली तर एकादा टेम्पो करून त्यात. तितंच चढवायची."

"हो मामा."

मग तो तिथेच, मळक्या बाकड्यावर, त्यांच्या डब्यातली भाकरी मोडून खायला लागला. घरी मी पोहे झाकून ठेवले होते.

मुलगा सुखरूप राहील एवढं तरी झालं, अशी मनाची समजूत घालत मी निघाले. रस्त्यापर्यंत गेले आणि परत फिरले. प्रविण नळावर हात धूत होता. आश्रुबांना हळूच म्हणाले, "तिथं पोचल्यावर घरी फोन करायला सांगा त्याला. तुमचं ऐकतो."